बुटीक बेस अंगाला इतके का बसतात? आणि त्यातलं साध्या बेसवर किती आणता येतं?

पिंप्राळा फोरस्ट्रिंग, जळगाव

राम राम मंडळी.

प्रश्न आवाजाचा नाही, अंगावर बसण्याचा आहे. लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर तीन-चार तास उभ्यानं वाजवायचं असतं. माझा बेस, म्हणजे बेस गिटार, चार तारांचा, स्केल (तारेची वाजती लांबी) ३४ इंची, वजन ४.६ किलो, वर काचेसारखं जाड पॉलिश. डावा खांदा भरून येतो, हात सोडला की नेक (दांडा) खाली लोंबतो आणि उजव्या हाताच्या मनगटामागे बॉडीची कड रुतते.

फोडेरा, सॅडोव्स्की, स्पेक्टर, एमटीडी, डिंगवॉल अशा बुटीक, म्हणजे कारागिरांनी थोडेच घडवलेल्या महागड्या बेसबद्दल वाचावं तर सगळे एकच सांगतात, हातात घेतला की कळतं. जळगावात हातात घ्यायला मिळणार कुठून? म्हणून विचारतो, त्या बेसमध्ये पट्टीनं किंवा काट्यानं मोजता येईल असं नेमकं काय वेगळं असतं? आणि त्यातलं काय माझ्या बेसवर करून घेता येईल? "लाकूड भारी असतं" हे उत्तर नको, ते ऐकून झालंय.

देवपूरचा रंधा, धुळे

भाऊ, लाकडाचं उत्तर नको म्हणालात ते बरं केलंत. आरामाशी लाकडाचा संबंध वजनापुरता. बाकी सगळा खेळ मापांचा.

पहिलं माप वरच्या हॉर्नवरच्या, म्हणजे बॉडीच्या वरच्या शिंगावरच्या, स्ट्रॅप बटणाचं, जिथे पट्टा अडकतो. बेस टेबलावर उताणा ठेवा, बटणापासून गुण्या लावून नेकवर काटकोनात रेघ आणा आणि ती कुठल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) पडते ते बघा. बाराव्याच्या आसपास पडली तर तोल बहुधा ठीक निघतो. चौदाव्या-पंधराव्यावर पडली तर तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथंच आहे.

हिशोब सोपा आहे. ३४ इंच म्हणजे ८६४ मिमी. बारावा फ्रेट नटपासून (डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीपासून) ४३२ मिमीवर, पंधरावा ५०१ मिमीवर. बटण बाराव्याऐवजी पंधराव्यासमोर असेल तर बेस गळ्यात घातल्यावर अख्खा नेक जवळजवळ ७ सेंमी डावीकडे सरकतो. त्यानं वजन नेककडे जातं, आणि पहिला फ्रेट गाठायला डावं कोपर सरळ करावं लागतं, त्याबरोबर खांदाही पुढे ओढला जातो. खांदा भरून येतो त्याचा दोष लोक किलोंना देतात, पण तो बऱ्याचदा या सात सेंटिमीटरचा असतो. बुटीक कारागीर वरचा हॉर्न लांब, पुढे झेपावणारा करतात तो शोभेसाठी नाही. आणि उलटंही खरं: हॉर्न आखूड ठेवून बॉडी छोटी, गोंडस केलेले महागडे बेसही नेक टाकतात. किंमत तोलाची हमी देत नाही.

दुसरी तपासणी लाटण्यानं. टेबलावर लाटणं आडवं ठेवा, त्यावर पंचा, त्यावर बेस. पुढेमागे सरकवत तो कुठे समतोल राहतो ती जागा शोधा. हा तोलबिंदू वरच्या बटणाच्या रेघेपासून ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात तिकडे) जितका दूर, तितका नेक वर राहणार. रेघेच्या जवळ आला की लोंबणार. जाड चामड्याचा पट्टा खांद्यावर घसरत नाही, त्यामुळे दोष झाकला जातो. तोल तपासताना गुळगुळीत नायलॉनचा पट्टा लावा, मग बेस खरं बोलेल.

वजनासाठी भंगारवाला वापरतो तो हुकाचा काटा चालतो. ३.६ ते ४.१ किलो हे तासन्‌तास उभ्यानं वाजवणाऱ्यासाठी चांगलं वजन. तुमचा अर्धा किलोनं जास्त आहे, पण तो अर्धा किलो कुठे आहे हे महत्त्वाचं. खुंट्या काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक तोला. जुन्या पद्धतीची मोठ्या पानाची खुंटी ९०-१०० ग्रॅमच्या आसपास भरते. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या खुंट्या, उदाहरणार्थ हिपशॉटच्या अल्ट्रालाइट, साधारण ५५-६० ग्रॅमच्या. चार मिळून दीडशे ग्रॅम वाचतात, आणि ते नेकच्या अगदी टोकाला वाचतात म्हणून फरक लगेच जाणवतो. मागवण्याआधी डोक्यातल्या भोकाचा व्यास व्हर्नियरनं मोजा. भोक लहान निघालं तर रीमरनं मोठं करता येतं, मोठं निघालं तर बुशिंग बदलावी लागते.

ब्रिजकडे शिसं लावून तोल साधू नका. नेक वर येईल, पण खांद्यावरचं ओझं वाढेल.

कडांचं थोडक्यात. १९५१ च्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसची बॉडी म्हणजे जवळजवळ सपाट फळीच. १९५४ साली हाताखालचा आणि पोटाकडचा उतार आला. १९६० च्या जॅझ बेसनं कंबर तिरकी केली, मांडीवर घेऊन बसणाऱ्याला ती सोयीची. १९७७ साली नेड स्टाइनबर्गरनं स्पेक्टरसाठी जी एनएस बॉडी आखली ती पाठीकडून आत वळलेली, पुढून फुगीर, म्हणजे पोटाचा घेर मान्य करून काढलेली. पुढे त्यानंच डोकं काढून टाकून खुंट्या ब्रिजकडे नेल्या आणि नेक पडण्याचा प्रश्न मुळातच मिटवला. हे सगळे आकार दिसायला वेगवेगळे, पण प्रत्येक वळणामागे अंगाला टोचणारी एक जागा आहे.

लो बी, भुसावळ

वरच्या उत्तराला पुरवणी. तोल सुधारला तरी हात दुखायचा राहील, कारण डाव्या हाताचा आराम नेकच्या छेदावर ठरतो आणि त्याबद्दल गैरसमज फार.

पातळ नेक म्हणजे आरामदायी नेक, हा पहिला गैरसमज. पहिल्या फ्रेटपाशी १९ मिमीच्या खाली गेलेला नेक सुरुवातीला झपाझप वाटतो, पण अंगठ्याला मागे टेकायला काही उरत नाही, मग अंगठा चिमटा घेतो आणि तासाभरात तळहाताचा गोळा आखडतो. २० ते २२ मिमी पहिल्या फ्रेटला आणि २२ ते २४ मिमी बाराव्याला, ही बहुतेक हातांना चालणारी मापं. व्हर्नियरनं मोजताना तार बाजूला सारून फ्रेटच्या मधोमध, फिंगरबोर्ड ते पाठ असं मोजा.

याहून मोठा फरक पाडतो तो छेदाचा आकार. मायकेल टोबायस यांनी, आधी टोबायस आणि नंतर एमटीडी बेसमध्ये, असमान पाठीचा नेक रुळवला. जाड तारांच्या बाजूला खांदा थोडा भरलेला, बारीक तारांच्या बाजूला उतरता. हात नेकला सरळ भिडत नाही, तिरका भिडतो. त्या तिरपेपणाला पाठ जुळवून घेतली की मनगट कमी वाकतं. हा आकार तुमच्या बेसवर तासून आणता येतो असं कोणी म्हणालं तर हात जोडा आणि निघा. आत ट्रस रॉड (नेकचा बाक धरणारी धातूची सळी) असतो, त्याच्या खाचेखाली लाकूड चार-पाच मिमीच उरलेलं असू शकतं.

स्केलबद्दल. पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर ३४ इंचीवर १३० मिमी, ३३ इंचीवर १२६, ३० इंचीवर ११४. बोटं लहान असतील तर ३३ इंचीचे चार मिमी ऐकायला किरकोळ वाटतात, पण करंगळीला विचारा.

पाच तारांकडे वळायचं असेल तर उलटी ओढाताण सुरू होते. पाचव्या, खालच्या बी तारेची कंपनसंख्या ३०.८७ हर्ट्झ, ईची ४१.२. तोच .१३० इंच जाडीचा बी ३४ इंचीवर पंधरा-सोळा किलोच्या ताणावर बसतो, तर बाकीच्या तारा साधारण अठरा ते तेवीस किलोंवर. म्हणून बी ढिला, मातकट वाटतो. ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ३५ इंचीवर सुमारे ६ टक्के जास्त, ३७ इंचीवर १८ टक्के. कॅनडाचे डिंगवॉल हेच करतात: बी ३७ इंच, जी ३४ इंच, फ्रेट पंख्यासारखे पसरलेले. राल्फ नोवाक यांच्या पंखा-फ्रेटच्या पद्धतीवर ते उभे आहेत. दिसायला भीतिदायक, पण मधल्या फ्रेटांवर हाताचा नैसर्गिक तिरपेपणा फ्रेटच्या तिरपेपणाशी जुळतो. त्रास होतो तो पहिल्या दोन फ्रेटांवर बीची तार दाबताना, तिथे हात खरंच लांब न्यावा लागतो. ऑर्केस्ट्रात गायकाच्या पट्टीप्रमाणे सी, सी शार्प अशा सुरांत खाली वाजवायचं असेल तर हे आधी तपासा.

तारांमधलं अंतरही बघा. ब्रिजवर १९ मिमी म्हणजे ऐसपैस, अंगठ्यानं स्लॅप करायला (तार ठोकून वाजवायला) सोपं. १६.५ ते १७ मिमी म्हणजे पाच-सहा तारा असूनही नेक आटोपशीर, पण बोट दोन तारांमध्ये घालून उचलताना अडकतं. दोन्ही एकदम मिळत नाही. ऑर्केस्ट्रात स्लॅप किती वाजवता हे प्रामाणिकपणे मोजलं तर उत्तर सापडेल.

सातपुडा साग, शहादा

मी लाकडाची बाजू घेतो, कारण दोघांनी ते फारच झटकून टाकलं.

खान्देशात कोणी स्थानिक सुताराकडून बॉडी करून घ्यायची ठरवली की हाताशी येतो साग किंवा शिसम. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, शिसम त्याहून जड. ज्या आल्डर किंवा दलदली अ‍ॅशच्या बॉड्या हलक्या म्हणून नावाजल्या जातात त्या ४५० ते ५५० च्या पट्ट्यात. म्हणजे त्याच आकाराची सागाची बॉडी अर्धा किलो किंवा त्याहून जास्त जड होणार हे आधीच ठरलं. उपाय म्हणजे आतून पोकळ्या कोरणं. सॅडोव्स्कीसारखे कारागीर हेच करतात, वरून पातळ फळी चिकटवून पोकळी झाकतात. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं अ‍ॅसिटोननं पुसून लगेच, तासाभराच्या आत गोंद लावायचा. नाहीतर पावसाळ्यात सांधा उकलतो. शिसम घासताना मास्क लावाच, त्याच्या भुशानं अनेकांना कातडीवर आणि श्वासात त्रास होतो.

आता तुमच्या मनगटामागच्या कडेबद्दल. हातउतार नंतर काढता येतो, पण तीन गोष्टी बघून. पिकअपचं (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाचं) झाकण उघडून खड्ड्याच्या भिंतीकडे बघा. सरळ रेषांचं एकसंध लाकूड दिसलं तर ठीक. पापुद्रे दिसले तर प्लायवूड आहे, उतार काढल्यावर थर उघडे पडतील, तो नाद सोडा. वरच्या गालाखाली पोकळी नाही ना हे बोटानं ठोकून ऐका. आणि वर चिकटवलेली पातळ शोभेची फळी असेल तर तिच्या आरपार जाणार हे धरून चाला.

उताराची मापं: कडेच्या लांबीनं १५० ते १८० मिमी, आत ४५ ते ५० मिमी, काठावर खोली १२ मिमी. आधी बेस गळ्यात घाला, हात रोजच्यासारखा टेकवा, जिथे रुततं तिथे चिकटपट्टी लावा, आणि उताराचा मध्य तिथे धरा. कागदावरच्या मापात मध्य धरला तर तो हमखास ब्रिजकडे सरकतो. पॉलिएस्टरचं जाड पॉलिश कानशीनं तडकतं, म्हणून आखलेल्या रेघेवर आधी धारदार पात्यानं खाच पाडायची, मग बाहेरच्या बाजूचं काम. रास्प, मग सपाट कानस, मग लाकडी ठोकळ्यावर ८०, १२०, १८०, २४०, ३२० नंबरचा पेपर. उघड्या लाकडाला सीलर आणि वर मॅट पॉलिश, किंवा नुसतं तेल. जुन्या चकचकीत पॉलिशशी नवा भाग जुळवायला जाऊ नका, कितीही केलं तरी सांधा दिसतोच. त्यापेक्षा उतार मुद्दाम लाकडी रंगाचा ठेवा, घामाला मॅट बरा.

पण हे सगळं करण्याआधी पट्टा दोन बोटं वर घ्या आणि नेक ३०-४० अंशांवर ठेवून बघा. हात कडेवर पडायची जागाच बदलते. बसून वाजवताना बेस ज्या उंचीला असतो तीच उंची उभ्यानं, हा मोजमापाचा साधा नियम. खूप खाली लोंबवला की डावं मनगट मोडतं, छातीशी घेतला की उजवं.

पिंप्राळा फोरस्ट्रिंग, जळगाव

धन्यवाद भाऊ लोकहो. मापं घेतली. बटणाची रेघ १४व्या फ्रेटवर पडते. खुंट्या ९६ ग्रॅमच्या. नेक पहिल्या फ्रेटला २१.५ मिमी, तो ठीक दिसतोय. पिकअपच्या खड्ड्यात एकसंध लाकूड आहे, प्लाय नाही.

दोन प्रश्न उरले. बटण पुढे न्यायचं कसं? आणि नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोचतात, विशेषतः आत्ता उन्हाळ्यात. महागड्या बेसमध्ये ही कड लोण्यासारखी असते म्हणतात ती कशी करतात?

अमळनेरची फ्रेटलेस

फ्रेटच्या टोकांचं मी सांगते, बटणाचं धुळेकर दादा सांगतील.

टोकं उन्हाळ्यातच बोचतात कारण फ्रेट आकसत नाहीत, लाकूड आकसतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची फळी) रुंदीत कमी होतो, धातू तिथेच राहतो. पुण्या-मुंबईत सेटअप (नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवणं) करून आणलेला बेस जळगाव-भुसावळला आला की महिन्या-दोन महिन्यांत हे दिसतं. त्यात कूलरची भर. कूलरच्या झोतात रात्रभर ठेवलेला बेस दमट हवा पितो, सकाळी कूलर बंद झाला की पुन्हा वाळतो. हा रोजचा फुगणं-आकसण्याचा झोका उन्हापेक्षाही वाईट. बेस पिशवीत, चेन लावून, कूलरच्या खोलीबाहेर ठेवा. स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक पिशवीत टाका, ४५ ते ५५ टक्के दाखवत असेल तर निश्चिंत राहा. आणि मांडवाबाहेर उभ्या गाडीत तर दुपारी एक मिनिटही नको.

टोकं घासायची वेळ मेमध्येच, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर). लाकूड सर्वात आकसलेलं असतं तेव्हा घासलं की वर्षभर पुन्हा डोकं वर काढत नाहीत. पावसाळ्यात घासली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

तारा ढिल्या करून काढा, फिंगरबोर्डवर आणि नेकच्या पॉलिशवर मास्किंग टेप लावा. लांब, बारीक दाताची सपाट कानस नेकच्या कडेला टेकवून लांबीनं फिरवा, फक्त धातू लागतो आहे तोवर. आवाज बदलतो. कानस धातूवर किरकिरते, लाकडावर घसरते, तो बदल ऐकला की थांबा. मग त्रिकोणी कानशीची एक कड घासून गुळगुळीत करून घ्या, म्हणजे ती लाकडाला खाणार नाही, आणि प्रत्येक टोकाचे दोन कोपरे दोन-तीन घासांत मोडा. बुटीक कारागीर प्रत्येक टोक अर्धगोल करतात. २४ फ्रेट म्हणजे ४८ टोकं, प्रत्येकी चार-पाच मिनिटं धरा. किंमत कुठे जाते ते इथे कळतं.

लोण्यासारखी कड म्हणजे फिंगरबोर्डची लाकडी धार गोल केलेली. दोन फ्रेटांच्या मधल्या धारेवर गोल स्क्रूड्रायव्हरची दांडी दाबून लांबीनं घासली की लाकूड दबून धार मरते, मग ६०० आणि १००० चा पेपर हलक्या हातानं. हे शिसवी, रोझवुडच्या तेलावर ठेवलेल्या बोर्डवर करा. मेपलच्या पॉलिश केलेल्या बोर्डवर करू नका, पॉलिश फुटलं की घाम आत जाऊन काळा पट्टा पडतो.

नेकची पाठ चकचकीत असेल तर घामानं चिकटते. पॉलिश काढू नका, फक्त त्याची चकाकी मारा. १००० नंबरचा पेपर किंवा मऊ घासणी नेकच्या लांबीच्या दिशेनं वीस-पंचवीस वेळा, बस्स.

हे झाल्यावर सेटअप. क्रम चुकवू नका. तारा पूर्ण सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट बोटानं दाबा, आणि सातव्या-आठव्यापाशी तार व फ्रेटमधली फट मोजा. मोटारसायकलच्या स्पेअरपार्टवाल्याकडे टॅपेट सेट करायचा फिलर गेज मिळतो, तोच. ०.२५ ते ०.३५ मिमी हवी. फट जास्त तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं एक अष्टमांश फेरी, कमी तर उलट. एका वेळी तेवढंच, मग पुन्हा सूर, पुन्हा माप. रॉडचा नट जड गेला तर जोर लावू नका, तारा सैल करून नेकला हातानं हलका मागे आधार देऊन फिरवा. योग्य मापाची एलन की वापरा. अमेरिकन बेसला बऱ्याचदा ३/१६ इंची लागते, ४.५ मिमीची त्यात सैल बसते आणि तोंड झिजवते.

फट जमली की मगच ब्रिजची उंची. बाराव्या फ्रेटवर ईला २.० ते २.२ मिमी, जीला १.६ ते १.८. उन्हाळ्यात नेक सरळ होऊन तारा खडखडतात, पावसाळ्यात नेक पुढे वाकून तारा उंच होतात. म्हणून आखाजीला एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा मोजायचं. नेकमध्ये कार्बनच्या पट्ट्या घातलेले बेस कमी हलतात, पण फ्रेटची टोकं त्यांचीही बाहेर येतात. पट्ट्या लांबीला धरतात, रुंदीला नाही.

देवपूरचा रंधा, धुळे

ताईंनी फ्रेटचं नीट सांगितलं, मेमध्ये घासायचा मुद्दा तर वहीत लिहून ठेवावा असा.

बटणाबद्दल. १४व्यावर म्हणजे बाराव्यापेक्षा ४७ मिमी मागे. आहे त्या बटणाच्या भोकात लांब स्क्रू घालून बटण पुढे काढायचा मोह होईल, करू नका. लांब दांडीवर ओढ पडली की स्क्रू लाकडात हलत हलत भोक मोठं करतो आणि एक दिवस स्टेजवर बेस पायावर. पट्टी लावा.

अ‍ॅल्युमिनियमची ५ मिमी जाड, २५ मिमी रुंद, १०० मिमी लांब फ्लॅट पट्टी घ्या. स्लायडिंग खिडक्यांचा सेक्शन चालणार नाही, तो दीड मिमीच्या आत असतो आणि वाकतो. पट्टी हॉर्नच्या पाठीवर लावायची, पुढून दिसत नाही. अर्धी लाकडावर, अर्धी बाहेर. दोन स्क्रू हवेतच, एकमेकांपासून ३० मिमीवर, कारण एका स्क्रूवर पट्टी फिरते. हॉर्नची जाडी आधी मोजा, टोकाला ती ३० मिमीपर्यंत उतरलेली असू शकते. ३.५ मिमीचा स्क्रू, लाकडात २० मिमी, आधी २.५ मिमीचं भोक, ड्रिलच्या पात्यावर टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. पट्टीखाली पातळ चामडं. बाहेरच्या टोकाला एम५ चा बोल्ट आणि लॉकनट घेऊन बटण बसवा. पट्टीचे कोपरे गोल करा, नाहीतर सदऱ्याला अडकतात.

आधी कायमचं करण्याऐवजी पट्टी दोन केबल टायनी हॉर्नला आवळून घरातल्या घरात, हात खाली धरून बेस अंगावर घेऊन बघा. ४७ मिमीची गरज पडेलच असं नाही, हलक्या खुंट्या बसवल्या तर ३० मिमीतही नेक थांबतो. दोन्ही करायचं असेल तर खुंट्या आधी, पट्टी नंतर. उलट केलं तर पट्टी उगाच लांब होते.

पट्टा साडेतीन इंच रुंद, आतून सुएड, अस्तरात स्पंज नसलेला. स्पंज घामानं दबतो आणि महिन्याभरात कडक होतो.

लो बी, भुसावळ

पुढेमागे जुना बुटीक बेस घ्यायचा विचार झाला तर विकणाऱ्याकडून काय मागायचं तेही इथेच लिहून ठेवतो, कारण हातात न घेता घ्यावा लागणार.

वरच्या बटणाजवळ गुण्या आणि नेक एकाच चौकटीत दिसेल असा फोटो. हुकाच्या काट्यावर लटकलेला, आकडा दिसणारा फोटो. पट्ट्यावर घेऊन दोन्ही हात सोडलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ, अंगात सुती सदरा नको, गुळगुळीत टी-शर्ट असला तर बरा. डोक्याकडून ब्रिजच्या दिशेनं, डोळा नेकच्या पातळीत ठेवून काढलेला व्हिडिओ, दोन्ही कडांवरून. दोन कडांची वळणं वेगळी दिसली तर नेक पिळलाय. बोल्टचा नेक असेल तर निदान बदलता येतो. नेक बॉडीतून आरपार गेलेला असेल तर पिळ म्हणजे अख्ख्या बेसचाच प्रश्न, कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

ट्रस रॉड दोन्हीकडे थोडा फिरतो का, हे समोर फिरवून दाखवायला सांगा. "गरजच पडली नाही" असं उत्तर आलं तर तो शेवटपर्यंत आवळलेला किंवा अडकलेला असू शकतो हे धरून चाला.

हेडलेस असेल तर तार कशी बसते ते विचारा. जुन्या पद्धतीत दोन्ही टोकांना गोळी असलेली तार लागते, ती आपल्याकडे दुकानात सहसा मिळत नाही. आजकालचे बरेचसे साधी तार नटपाशी स्क्रूनं आवळतात, तसलाच घ्या आणि त्याची एलन की पिशवीत दोन ठेवा. अ‍ॅक्टिव्ह सर्किट असेल तर ९ व्होल्टची एक बॅटरी लागते की दोन, आणि कप्पा स्क्रूचा आहे की झाकणाचा, तेही विचारा. लग्नात मध्यंतरात स्क्रू शोधायला वेळ नसतो. वाजवून झालं की केबल जॅकमधून काढायची, केबल लावलेली राहिली की बॅटरी चालूच राहते.

कुरियरला देताना तारा एक-दोन सूर उतरवायला सांगा, पूर्ण ढिल्या नकोत. नेक आणि पिशवीच्या तळामध्ये डोक्याखाली गुंडाळलेला कापडाचा आधार हवा, डोकं अधांतरी नको. माल आला की खोका उघडायची घाई नाही. मेच्या दुपारी ट्रकमधून उतरलेला खोका रात्रभर घरात तसाच राहू द्या, मग उघडा, आणि ट्रस रॉडला पहिले चार-पाच दिवस हात लावू नका.